बारीकरावांनी बसवलेली मोठी नोझलं

काही कारागिरांचं नशीबच असं असतं की काम जितकं चोख, तितकं दुकान सुनं. नटाचं उलट. त्याचा प्रयोग रंगला की तेच प्रेक्षक पुढच्या आठवड्यात तिकीट काढून पुन्हा समोर हजर. पण बारीकरावांनी एखाद्या ट्रकचे, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर एकदा साफ करून, जुळवून दिले, की तो ट्रक पुढे सहा-सहा महिने त्यांच्या गल्लीकडे फिरकत नसे. टाळी नाही, वन्समोअर नाही. ट्रक कुठेतरी डोंगरापलीकडे निमूट धावत असायचा आणि बारीकराव आपल्या बाकापाशी बसून त्याच्या न येण्यावरून ओळखायचे, की काम उत्तम झालं.

त्यांचं खरं नाव त्यांच्या मोठ्या बहिणीला तेवढं ठाऊक होतं. बाकी जगाने त्यांना बारीकरावच केलं. अंगकाठी बारीक, आवाज बारीक, आणि धंदाही असा की ज्यात केसाची जाडीसुद्धा ढोबळ वाटावी. दुकान अरुंद, बोगद्यासारखं. बाकावर पत्रा ठोकलेला. एका टोकाला घट्ट बसवलेला लोखंडी शिकंजा, दुसऱ्या टोकाला हाताने दाबायचा छोटा पंप, त्यावर घड्याळासारखी तबकडी. इंजेक्टर त्या पंपाला जोडायचा, दांडा दाबायचा. दाब पुरेसा झाला की नोझलच्या पोटातली सुई क्षणभर उचलली जाते आणि टोकाच्या भोकांतून डिझेल धुक्यासारखं बाहेर पडतं. नोझल चांगलं असेल तर त्या वेळी कोरं कापड फाडल्यासारखा आवाज येतो. बारीकराव डोळे मिटून तो आवाज ऐकत. दिवसभरात त्यांच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलत असेल, तर नोझलं.

दुकानामागे एक खोली. खाट, शेगडी, आणि समोरच्या भिंतीकडे टक लावून बसलेली एक खिडकी. लग्न राहून गेलं. कुणी मोडलं नाही, कुणी नाकारलंही नाही. आधी बहिणीचं व्हायचं होतं, मग आईचं दुखणं निघालं, मग दुकान नवं होतं. आणि एके दिवशी दाढी करताना आरशात पाहिलं, तर नायकाची भूमिका हातून निसटली होती आणि थेट म्हाताऱ्याचीच समोर उभी होती. त्यांनी तीही तक्रार न करता स्वीकारली.

दर रविवारी परगावाहून बहिणीचा फोन येई.

"जेवलास का?"

"जेवलो, ताई."

"काय जेवलास?"

"जेवण."

"अरे गाढवा, जेवणात काय होतं ते विचारतेय मी!"

इथे बारीकराव हसत, आणि फोन ठेवल्यावर ते हसू बराच वेळ तोंडावर तसंच राहून जाई. कुणी पाहणारं नसलं की हसू काढून ठेवायचीही घाई नसते.

त्यांच्याकडे येणाऱ्या दर चार ट्रकवाल्यांतला एक तरी मोठी नोझलं मागे. मोठी म्हणजे बाहेरून मोठी नव्हेत. बाहेरून सगळी सारखीच, करंगळीएवढी. फक्त टोकाची भोकं किंचित रुंद. पण तेवढ्याने दर वेळी इंजिनात डिझेल जास्त जातं, गाडीला ओढ येते, चढावर चालकाला तरणं झाल्यासारखं वाटतं. अशा गिऱ्हाइकासाठी बारीकरावांचं एक भाषण ठरलेलं होतं. एरवी दोन वाक्यांवर न जाणारा माणूस, पण या विषयावर अर्धा तास बोले.

"घास मोठा केलास, पण दात तेवढेच राहिले," ते म्हणत. "डिझेल वाढलं, हवा तेवढीच. मग जे जळत नाही ते काळा धूर होऊन जातं. म्हणजे तू डिझेल विकत घेऊन लोकांच्या अंगावर उडवतोस. भोक रुंद, म्हणून थेंब जाड. गाडी उभी असताना नुसती खोकत राहील. बरं, ओढ मिळते, खोटं नाही. पण ती ओढ क्लचने सोसायची, गिअरबॉक्सने सोसायची. गवयाला दमसास न वाढवता तान लांबव म्हणून सांगितलंस, तर तो लांबवेल रे. एकदा लांबवेल, दोनदा लांबवेल."

आणि मग भाषणाचं शेवटचं पान. ते बारीकराव आवाज उतरवून म्हणत. "आणि हवा वाढवायची सोय नसलेलं जुनं इंजिन असेल, भरलेली गाडी असेल, लांब चढ असेल, तर पिस्टनचं डोकं वितळतं. कळत नाही. धूर दिसतो, उष्णता दिसत नाही. कळतं तेव्हा इंजिन गेलेलं असतं."

या पानाला गिऱ्हाईक हमखास उठे. "राहू द्या बारीकराव, आहे तीच साफ करून द्या." असं करत करत बारीकरावांनी कित्येक इंजिनं वाचवली, आणि कित्येक माणसं सहा-सहा महिन्यांसाठी घालवली.

सहा महिन्यांनी फिरकणाऱ्यांतला एक होता कप्तान. चौकोनी बांध्याचा, पांढऱ्या मिशांचा. समुद्र त्याने फक्त बंदरावर माल उतरवताना पाहिलेला, पण कुठल्याशा भंगारातून मिळालेली खलाशाची टोपी तो डोक्यावरून काढत नसे. त्याचा एकच ट्रक, तो स्वतःच मालक, स्वतःच चालक. सिमेंटची पोती भरून घाट चढायचा, पलीकडे उतरवायचा, परत यायचा. वर्षातून दोनदा तो इंजेक्टर दाखवायला येई. ते काढून, तपासून, पुन्हा बसवेपर्यंत तीन-साडेतीन तास लागत, आणि तेवढा वेळ कप्तान एका उलट्या खोक्यावर बसून बोलत राही. रस्त्याचं, पंक्चरचं, बायकोचं, टोलनाक्यावरच्या भांडणाचं. बारीकराव सुई पुसत ऐकत. वर्षातले ते सात तास त्यांना पुरत नसत, पण ते पुरवून पुरवून वापरत. एखादी गोष्ट पुढे कितीतरी दिवस आठवत राहायची.

एका सकाळी कप्तान नेहमीपेक्षा दीड महिना आधीच उगवला. टोपी मागे सरकलेली, मिशा फुललेल्या.

"बारीक, मोठी नोझलं टाक गाडीत."

"सगळ्यांनाच हवी असतात. झालं काय?"

"घाटात मागची पोरं हॉर्न मारून जीव खातात रे. काल एकाने बाजूला गाडी घेतली, काच खाली केली आणि विचारतो, 'आजोबा, उतरून ढकलू का?' आजोबा! घरात दोन नातू आहेत, त्यांनासुद्धा मी तसं म्हणू देत नाही!"

"मग काय म्हणतात?"

"कप्तान म्हणतात! विषय बदलू नकोस. आहेत का नोझलं?"

होती. बारीकरावांनी भाषण सुरू केलं. घास, दात, धूर, जाड थेंब. कप्तान मान हलवत होता. भाषण शेवटच्या पानाशी आलं, आणि बारीकराव थांबले. जुनं इंजिन, भरलेली गाडी, लांब चढ. ते पान जणू कप्तानसाठीच लिहिलेलं होतं. ते वाचलं असतं, तर कप्तान उठला असता आणि पुन्हा पावसाळ्यानंतर दिसला असता.

"बसवतो," बारीकराव म्हणाले. "पण एक अट आहे. दर महिन्याला गाडी इथे आणायची. फवारा तपासावा लागेल. चालढकल नाही."

"दर महिन्याला? कुलदैवताला जात नाही मी दर महिन्याला!"

"मग नको."

"येतो बाबा, येतो. तू म्हणजे सासरा आहेस."

अट खोटी नव्हती. मोठ्या नोझलांवर लक्ष ठेवावंच लागतं. बारीकरावांनी स्वतःला हेच सांगितलं, आणि पुढेही सांगत राहिले, की आपण तपासत राहू, काही बिघडलं तर आपल्यालाच आधी दिसेल. अर्धं खरं पोटात नीट बसतं. पूर्ण खोट्यासारखं टोचत नाही. काढलेली जुनी नोझलं त्यांनी डिझेलमध्ये बुडवून, नंबर घालून डबीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन हात असलेली, पाठीला उशी असलेली एक खुर्ची आणली. उलटं खोकं मागच्या खोलीत गेलं.

मग सुरू झाले ते महिने. कप्तान येई, खुर्चीत पसरे, पहिलं वाक्य फेकी, "काय सांगू तुला, काल घाटात त्या पोराला मागे टाकला! काच खाली करून विचारलं, 'बाळा, ढकलू का?'" आणि दुकान भरून जाई. डिझेल जास्त लागतं ही तक्रार तो ओठांवर आणून गिळी. चढावर मिळणारा मान त्याला त्यापेक्षा मोठा वाटे. बारीकराव इंजेक्टर पंपाला जोडत, दांडा दाबत, आवाज ऐकत. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत आवाजाकडे त्यांचा कान अर्धाच असे.

शेजारी लाँड्री होती. लाँड्रीवाल्या बाई जिभेने इस्त्रीहून गरम. गल्लीच्या तोंडाशी कप्तानचा ट्रक सुरू झाला की दोरीवरच्या चादरींवर काजळी बसे.

"बारीकराव, तुमचा पाहुणा येतो आणि मला चादरी दुसऱ्यांदा धुवाव्या लागतात."

"जुनी गाडी आहे हो, बाई."

"गाडी जुनीच होती. धूर नवा आहे." मग जवळ येऊन एकदा त्यांनी निरखून बघितलं. "आणि तुम्ही हल्ली महिन्यातून एकदाच दाढी इतकी घोटून करता, तीही बरोबर त्याच दिवशी. काय, मुलीकडचे बघायला येतात की काय तुम्हाला?"

बारीकराव लाजले. पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. बाई हसत निघून गेल्या. हसणं सगळं खरं नव्हतं. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं.

पाचव्या महिन्यात कप्तान आला तो घाईतच. दुसऱ्या दिवशी पहाटे भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा होता, आणि बायकोही बरोबर येणार होती. पलीकडे तिचा भाऊ राहायचा.

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीत बसतेय," कप्तान म्हणाला. "मी म्हटलं, आता बस, आता गाडीला पंख आहेत."

बारीकराव इंजेक्टर एकेक काढत होते. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा काढला, फडक्याने पुसला, उजेडाकडे धरला. टोक निळसर पडलं होतं. त्यांनी भिंग लावलं. त्या निळ्या टोकावर चांदीच्या रंगाचे बारीक ठिपके चिकटले होते. मीठ सांडावं तसे. नोझलमध्ये तसला धातू नसतो. तो पिस्टनचा होता. पिस्टनचं डोकं वितळायला लागलं होतं.

कप्तान मागे खुर्चीत मेहुण्याची नक्कल करत होता. बारीकरावांचा हात फडक्यावर होता. आणखी एकदा जोराने घासलं असतं तर ठिपके गेले असते. पण उद्या पहाटे चढ होता. इंजिन गेलं तर कप्तानच्या वयाच्या माणसाला नव्यासाठी कर्ज कुणी देणार नव्हतं. आणि ते जाणार होतं भर घाटात, शेजारी बायको असताना.

"कप्तान," ते म्हणाले, "इकडे ये. भिंगातून बघ."

त्यांनी सगळं दाखवलं. ठिपके म्हणजे काय, तेही सांगितलं. इंजिन आतून अजून शाबूत आहे का ते दाब मोजून तपासलं, होतं. मग डबी उघडून जुनी नोझलं काढली, एकेक पंपावर लावली. दुपारभर दुकानात कापड फाडल्याचा स्वच्छ आवाज येत राहिला. सगळं बसवून झाल्यावर कप्तानने टोपी काढली. बारीकरावांनी त्याचं टक्कल त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बारीक, तू होतास म्हणून वाचलो," तो म्हणाला. जड आवाजात. "दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं ते. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

इथे पडदा पडला असता तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण ते उपकार बारीकरावांना सोसवेनात. शिव्या सोसल्या असत्या.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तुझ्या इंजिनाला मोठी नोझलं चालणार नाहीत, ते. पहिल्याच दिवशी. सगळ्यांना सांगतो मी. तुला सांगितलं नाही."

कप्तानने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. हळू. "का?"

बारीकराव हातातलं फडकं घडी करत राहिले. छोटी घडी, आणखी छोटी.

"तू दर महिन्याला यायचास."

शेजारून इस्त्रीची वाफ फुस्स करून गेली.

"सरळ 'ये' म्हणाला असतास तर?" कप्तानने विचारलं.

"आला असतास?"

कप्तान खोटं बोलू शकला असता. चांगला बोलका माणूस, एखादं गोड वाक्य त्याला सहज सुचलं असतं. त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "नाही. नसतो आलो. कामाशिवाय कोण येतं?"

आणि तो गेला. गल्लीच्या तोंडाशी ट्रक सुरू झाला. धूर आला नाही.

महिना गेला. दुसरा गेला. बारीकरावांना अंदाज होता की गाडी उत्तम चालत असणार. म्हणजेच ती इकडे येण्याचं काही कारण नव्हतं. चौथा महिना लागला. खुर्चीवर त्यांनी आधी नुसतं फडकं टाकलं, मग एक उघडलेला पंप ठेवला, मग त्यावर दुसरा. रविवारी ताईने विचारलं, "आवाज का असा?" ते म्हणाले, "सर्दी." ताई म्हणाली, "तुला गेले तीन रविवार सर्दीच आहे." मग ती फोन तसाच धरून राहिली. एरवी ती असं कधी करत नसे.

लाँड्रीवाल्या बाई एका सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पांढरीशुभ्र चादर.

"बघा. एकदाच धुतली."

"छान झाली."

"तुमचा पाहुणा?"

बारीकरावांनी सांगून टाकलं. सगळं. एवढं सलग ते नोझलांव्यतिरिक्त कुठल्याच विषयावर बोलले नव्हते. बाईंनी ऐकून घेतलं. कीव केली नाही, समजूतही घातली नाही.

"चुकलात," त्या म्हणाल्या. "आणि आता काय, तो माफी द्यायला इथे येईल म्हणून वाट बघताय? तुमचे पाय मोडलेत का? सगळं जग तुमच्या बाकापाशी यायला पाहिजे, ते पण काहीतरी मोडून घेऊन?"

बाई उत्तराला थांबल्या नाहीत. त्यांच्या इस्त्र्या तापल्या होत्या.

त्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, भर सकाळी, बारीकरावांनी दुकानाला कुलूप लावलं. बसमध्ये खिडकीशी बसले. कप्तान राहायचा, शहराच्या त्या टोकाला ते कधी गेले नव्हते. हातांचं काय करायचं ते कळेना. दर वेळी बाहेर पडताना हातात एखादं हत्यार असायचं, आज काही नव्हतं. दोन ठिकाणी विचारलं. "टोपीवाला कप्तान?" म्हणताच लोक हसून दिशा दाखवत.

घरासमोरच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा होता. धुतलेला. पायरीवर कप्तान बसला होता, बनियनवर, टोपी मात्र डोक्यावर. त्याने मान वर केली.

"काय बिघडलं?" तो एकदम उभा राहिला. बारीकरावांना या भागात पाहून त्याला तेवढंच सुचलं.

"काही नाही."

"मग?"

"सहजच आलो."

कप्तानने त्यांच्याकडे बघितलं, मागे रस्त्याकडे बघितलं, जणू आणखी कुणी यायचं आहे. इतक्या वर्षांत हे दोघे कधी बिघाडाशिवाय भेटले नव्हते. दोघांनाही त्या प्रवेशाची वाक्यं पाठ नव्हती.

"गाडी ठीक आहे," कप्तान म्हणाला. "हळू चढते. डिझेल मात्र कमी खाते. बायको भावाकडे जाऊन आली. पोरं हॉर्न मारतात."

"मारू देत."

"माझा राग गेलेला नाही, बारीक."

"माहीत आहे."

"कधी जाईल सांगता येत नाही. मी राग धरणारा माणूस आहे. सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोललो नाही."

"बरं."

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

कप्तान दाराकडे वळला. काय सांगावं? दुकानदार? मिस्त्री? शेवटी त्याने "बारीक आलाय," एवढंच ओरडून सांगितलं, आणि आत भांड्याचा आवाज झाला.

कप्तान ट्रकपाशी गेला आणि सवयीने बॉनेटच्या कडीला हात घातला. "आलाच आहेस तर बघून घे एकदा. तो चौथा—"

"राहू दे," बारीकराव म्हणाले. "बंदच असू दे."

कप्तानचा हात कडीवरच थांबला. बारीकराव पायरीपाशी गेले, जागा हाताने झटकली आणि बसले. उन्हाने दगड गरम झाला होता. थोड्या वेळाने कप्तानने कडी सोडली, परत आला आणि त्याच पायरीवर, पण दुसऱ्या टोकाला, बसला. मध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता. समोर ट्रक उभा होता. दोघांनी त्याच्याकडे बघितलं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.